सोबतीच्या रकान्यातलं नाव

आप्पा कामाला येताना पापड घेऊन येत, पण खाण्यासाठी नव्हे. उडदाचा एक कच्चा पापड वर्तमानपत्रात गुंडाळून ते शर्टाच्या आत छातीशी ठेवत आणि गगनबावड्याच्या आमच्या मोजणी-स्टेशनवर पोचले की दोऱ्यानं खिळ्याला टांगत. मग खाली मांडी घालून अर्धा तास त्याच्याकडे बघत बसत. पापड ताठ राहिला तर यंत्राची पेटी उघडायची. वाकला तर उघडायची नाही, मग मुंबईहून कोण का आलेलं असेना. हवेतला ओलावा मोजणारं चांगलं यंत्र विद्यापीठातल्या आमच्या विभागात होतं. ते मी त्यांना एकदा कौतुकानं दाखवलं.

"ऱ्हाऊ द्या की सर," ते म्हणाले. "तुमचं यंत्र आकडा सांगतंय. पापड सांगतोय, उघडू का नको."

मी तेव्हा हसलो होतो. आप्पांच्या बऱ्याच गोष्टींना मी हसत असे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मी ते लिहिणारही आहे. पण मी त्यासाठी लिहायला बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं काम थोडक्यात असं. आकाशातून अतिसूक्ष्म कण सतत खाली येत असतात. छपरातून, आपल्या अंगातून ते आरपार जातात आणि आपल्याला कळतही नाही. ते मोजण्यासाठी गगनबावड्याच्या पठारावर एका पत्र्याच्या शेडमध्ये खास प्लॅस्टिकच्या जाड पाट्या काळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. कण पाटीतून गेला की आत क्षणभर अगदी अंधुक चमक होते. प्रत्येक पाटीला एक पेटी जोडलेली असे, जाड पुस्तकाएवढी. चमक पकडायची, तिची वेळ टिपायची आणि ती माहिती नेटवर्कवरून आमच्याकडे कोल्हापूरला पाठवायची, हे तिचं काम. अशा बारा पेट्या होत्या. बाराही आप्पांनी स्वतःच्या हातानं जोडलेल्या.

आप्पा त्या कणांना 'पावणं' म्हणत. बाहेरगावचे एक मोठे प्राध्यापक एकदा स्टेशन बघायला आले होते. त्यांनी आप्पांना जरा परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "आपण इथं नक्की काय मोजता, ठाऊक आहे का?"

"पावणं," आप्पा म्हणाले. "वरनं येत्यात, आरपार जात्यात. कुणाला तरास न्हाय, चहासुदीक मागत न्हाईत. असलं पावणं कोल्हापुरात तरी कुठं मिळायचं?"

प्राध्यापक हसले. पुढे त्यांच्या व्याख्यानातही ते हा किस्सा सांगत, असं ऐकलं. त्यात आप्पांना 'एक शिपाई' म्हटलेलं असे. आप्पा शिपाई नव्हते. ते आमचे तंत्रज्ञ होते, वर्षावर्षाच्या करारावर.

त्याआधी ते इचलकरंजीत जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. वीस-बावीस वर्षं यंत्रमागांच्या शेडमध्ये गेली, त्यात कान गेले. पूर्ण नाही, पण गेले. त्यामुळे स्वतः बोलत ते मोठ्यानं, आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यापेक्षा बघत जास्त. शेडमध्ये धोट्यांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. आमच्या बैठकीत कोणी फळ्याकडे तोंड करून बोलायला लागलं की मागून आप्पांचा आवाज येई, "तोंड हिकडं करून बोला." विभागप्रमुखांनासुद्धा त्यांनी हे ऐकवलं होतं.

टीव्ही, रेडिओ दुरुस्त करता करता ते इलेक्ट्रॉनिक्स शिकले. पदवी नव्हती. पण पेटीच्या झाकणावर तळहात ठेवून ती ठीक आहे की नाही हे ते सांगत, आणि सहसा चुकत नसत. "गरम हाय म्हंजे जित्ती हाय," असं म्हणत. पेटी चालू असली की थोडी कोमट असते. त्या कोमटपणामुळेच गगनबावड्याच्या धुक्यातही ती आतून कोरडी राहते, हे मला माहीत होतं. पण मला ते पुस्तकातून माहीत होतं.

शेडमधून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली होती. पाळी बदलताना, पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय चालू माग सोडून जायचं नाही. एकदा त्यांचा बदलीवाला आलाच नाही, म्हणून सलग दोन पाळ्या ते उभे राहिले होते. आणि मागावर झोपणं याच्याइतकी लाजेची गोष्ट त्यांच्या लेखी दुसरी नव्हती. कोणाबद्दल फार वाईट बोलायचं असलं की ते म्हणत, "त्यो मागावर झोपणारा हाय." त्याच्यापुढे त्यांच्याकडे शिवी नव्हती.

पेटीनं कसं वागायचं, हे तिच्या चिपमध्ये भरलेला प्रोग्राम ठरवतो. त्याला आम्ही फर्मवेअर म्हणतो. तो बदलायचा म्हणजे पूर्वी आप्पा लॅपटॉप आणि केबल घेऊन एसटीनं गगनबावड्याला जात, एकेक पेटी उघडत, नवा प्रोग्राम भरत. पापड वाकलेला असला तर दोन-दोन दिवस तिथंच थांबत. हे सगळं कोल्हापुरात खुर्चीत बसून नेटवर्कवरून करता यावं, अशी व्यवस्था मी बनवायला घेतली. वर्षभर खपलो. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती, आणि हे काम माझ्या नावावर ठळक दिसणार होतं.

आप्पांना व्यवस्था दाखवली तेव्हा त्यांनी सगळं नीट बघितलं आणि एकच विचारलं, "आन् न्हाय उठली तर?"

त्यांच्या हट्टापायी आम्ही प्रत्येक पेटीत जुना प्रोग्राम वेगळ्या कोपऱ्यात जपून ठेवला. पेटीच्या बाजूला त्यांनी एक बारका खटका बसवला. नव्या प्रोग्रामनं पेटी अडकली तर खटका दाबायचा, ती जुन्यावर उठते. पण खटका दाबायला हात लागतो. अडकलेली पेटी स्वतःहूनच जुन्यावर परत यावी, अशी सोय करता आली असती. ती मी पुढच्या खेपेला करणार होतो.

"मग एक करा," आप्पा म्हणाले. "पेटीजवळ माणूस असल्याबिगर तुमच्या मशीननं पाठवायचंच न्हाय. नाव इचारू दे. सोबतीला कोण हाय, सांग म्हनावं. आन् एका टायमाला एकच पेटी."

त्यांचं मन राखायला म्हणून मी तसा रकाना टाकला. 'सोबत' असंच त्याला नाव दिलं. त्यात नाव लिहिल्याशिवाय पुढचं बटण दाबलंच जात नसे, आणि एकदा झालेली नोंद नंतर बदलता येत नसे. विभागात त्याची थट्टा झाली. म्हाताऱ्याला पेटीशेजारी बसायला हवं म्हणून मी कॉम्प्युटरला पाळणाघर करून ठेवलंय, असं एक सहकारी म्हणाला. मीही हसलो. वर्षभर प्रत्येक बदलाच्या वेळी आप्पा वर जाऊन पेटीजवळ बसत आणि फोनवर ओरडत, "बसलोय. सोडा." काही बिघडलं नाही. त्यामुळे माझी खात्री होत गेली की ते उगाच बसतात.

जुलैतली गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी दूरच्या काही स्टेशनांबरोबर आमची बैठक होती. सगळ्यांनी मिळून एक मोजणी सुरू करायची होती. आमच्या पेट्या नव्या प्रोग्रामवर चालताना मला त्यात दाखवायच्या होत्या. विभागप्रमुख असणार होते, आणि माझ्या नोकरीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता.

सकाळी आप्पांचा फोन आला. मागावरचा त्यांचा जुना जोडीदार गेला होता. इचलकरंजीला पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जन होतं.

"आज न्हाय जमत सर. उद्या पाटं जातो वर. रजेचा अर्ज कुणाकडं देऊ?"

"अर्ज कशाला, आप्पा? मी सांगतो इथं. तुम्ही जा."

मी कोणालाही सांगितलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला प्रोग्राम उघडला. माझ्या टेबलावरच्या नमुन्याच्या पेटीवर दहा वेळा चालवून बघितलेला होता. रकान्यानं विचारलं: सोबत? मी आप्पांचं नाव लिहिलं. एकेका पेटीला वेळ लागला असता, म्हणून बाराही पेट्या एकदम निवडल्या आणि बटण दाबलं.

बारापैकी एकही परत बोलली नाही.

कारण नंतर सापडलं. धुक्यानं खराब झालेल्या घड्याळाच्या चिपा आप्पांनी गेल्या हिवाळ्यात बदलून दुसऱ्या जातीच्या बसवल्या होत्या. जुना प्रोग्राम दोन्ही जातींवर चालायचा. माझा नवा प्रोग्राम उठल्या उठल्या पहिल्या जातीच्या घड्याळाची वाट बघत बसायचा, आणि ते घड्याळ माझ्या टेबलावरच्या पेटीत होतं, वरच्या बारांत आता नव्हतं. आप्पांनी हे वहीत लिहून ठेवलं होतं, पेटीच्या नंबरासकट. ती वही माझ्याच खणात होती. मी उघडली नव्हती.

मी आप्पांना फोन लावला. घाटावर माणसांचा गलका होता. तीनदा सांगावं लागलं. मग ते म्हणाले, "किती?"

"बारा."

"बारा?" एवढंच. मग फोन बंद झाला.

गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं होतं. आप्पा राधानगरीवरून गेले, फोंडा घाटानं खाली कोकणात उतरले आणि करूळ घाटानं पुन्हा वर चढले. थोडं एसटीनं, थोडं दुधाच्या टेम्पोनं, बाकी चालत. तिसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनवर पोचले. तोवर बैठक आमच्या पेट्यांशिवायच पार पडली होती, अडकलेल्या पेट्या कामाविना थंड पडून दोन दिवस उलटले होते आणि धुकं आत शिरलं होतं. खटके दाबल्यावर पाच पेट्या उठल्या. सात पुन्हा कधीच उठल्या नाहीत.

रस्ता मोकळा झाल्यावर आप्पा विभागात आले. अंगावर तेच कपडे, रक्षाविसर्जनाला घातलेले. त्यांनी शर्टातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवली. आत पापड होता. ओल्या फडक्यासारखा चार घड्या पडलेला, आणि एकही घडी तुटलेली नव्हती. ते तसेच वळून हात धुवायला गेले. त्या सगळ्या प्रकरणात त्यांनी मला जे काही सुनावलं, ते एवढंच.

चौकशी बसली. तीन माणसं, लांब टेबल, समोर नोंदीची छापील प्रत. मीही खोलीत होतो, तांत्रिक माहिती द्यायला.

"बदल पाठवला त्या वेळी सोबतीच्या रकान्यात तुमचं नाव आहे," समितीच्या प्रमुखांनी मान वर करून, शब्द सुटे करत विचारलं. "तुम्ही तिथं होता?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. ओठ वाचायला बघतात तसं, माझ्या तोंडाकडे बघितलं. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मला बोलायला पुरेल इतका गेला, एवढं नक्की.

मग ते वळले आणि म्हणाले, "व्हय. हुतो."

"मग खटका का दाबला नाहीत?"

"झोप लागली."

कोणीतरी पेन खाली ठेवलं. प्रमुखांनी पुन्हा विचारलं, "झोप लागली? दोन दिवस?"

"दमलोतो. डोळा लागला. उठून बघतोय तर पेट्या गार पडलेल्या. मग भ्यालो, कुणाला कळवलं न्हाय." खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे ते हळू आवाजात बोलत होते. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "आप्पा, असं का सांगितलंत?"

"नाव माझं हाय न्हवं तिथं?"

"पण तुम्ही नव्हता."

"न्हवतो म्हनलो असतो, तर नाव कुणी टाकलं, असं इचारलं असतं की त्यांनी." त्यांनी पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं. "मग?"

तो प्रश्न होता. खरोखरच विचारलेला, उत्तराची वाट बघणारा. खोलीचं दार अजून उघडं होतं, आतली माणसं कागद गोळा करत होती. मला फक्त चार पावलं मागे जायचं होतं. मी म्हणालो, "मी बघतो काय करता येतं ते."

"बघा," आप्पा म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. माझी नोकरी त्या दिवाळीत कायम झाली. तशा पेट्या जोडणारं दुसरं कोणी मिळालं नाही, स्टेशन पाच पेट्यांवर चालत राहिलं. स्वतःहून जुन्यावर परतण्याची सोय मी त्याच हिवाळ्यात केली. त्याबद्दल माझं कौतुक झालं.

तीन वर्षांनी मी इचलकरंजीला गेलो. सगळं सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. काय, म्हणजे जे त्यांना माहीतच होतं ते. पण माझं ते कबूल करायचं राहिलं होतं. आप्पा पुन्हा मागावर लागले होते. शेडच्या दारातून मला बघून त्यांनी आत बोलावलं. आत इतका आवाज होता की माझं बोलणंसुद्धा मला ऐकू येईना. ते एका मागावर वाकलेले, मी शेजारी उभा. त्या गोंगाटात मला धीर आला. मी मागाकडे तोंड करून सगळं बोललो. नाव मी टाकलं. अर्ज देऊ नका असं मी म्हणालो. खोलीत मी गप्प बसलो. बोलताना डोळ्यांतून पाणी आलं, आणि बोलून झाल्यावर अगदी हलकं वाटलं.

बाहेर चहाच्या गाड्यावर आप्पांनी विचारलं, "आत मागाकडं तोंड करून काय म्हनत हुता? मला दिसलं न्हाय."

आता फक्त त्यांच्याकडे बघून तेच पुन्हा म्हणायचं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "माग बघत होतो."

"बरं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पेट्या कशा हायत? गरम हायत न्हवं?"

"आहेत."

"पापड लावता का?"

मी हो म्हणालो. तेही खोटं होतं.

मागच्या महिन्यात आप्पा गेले. रक्षाविसर्जनाला मी गेलो, पंचगंगेच्या त्याच घाटावर. पाणी उतरलेलं, पायऱ्यांवर ऊन. पन्नासेक माणसं असतील, बहुतेक मागावरची. शेवटी सगळे पांगायला लागले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "पावणं कुठलं?"

"कोल्हापूरचा. आप्पांबरोबर कामाला होतो."

"आस्सं." त्यानं मान हलवली. "चांगला गडी. आमी संगट काम केलंय. मागावर कंदी पापणी लवली न्हाय त्येची. आन् तिकडं कोल्हापुरात म्हनं झोपला, म्हनून काढला. लोकं बोलायची. परत आला तवा पोरं तोंडावर म्हनायची, आप्पा, जागं हायसा न्हवं? कंदी उलटून बोलला न्हाय."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी माझ्या अपराधाचा पुष्कळ विचार केला होता. त्यांना रोज काय ऐकावं लागत असेल, याचा एकदाही केला नव्हता.

"ते झोपले नव्हते," मी पाण्याकडे बघत म्हणालो.

म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला. "ऐकू येत न्हाय, पावणं. तोंड हिकडं करून बोला."

मी तोंड त्याच्याकडे केलं. आणि सावकाश, ओठ वाचता येतील असं, सांगितलं की आप्पा झोपले नव्हते. ते तिथं नव्हतेच. त्या दिवशी ते याच घाटावर, जोडीदाराच्या रक्षाविसर्जनाला आले होते. त्यांचं नाव मी लिहिलं, आणि विचारलं तेव्हा मी बोललो नाही.

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हितंच हुता की त्यो. माझ्याच शेजारी. मधीच फोन आला आन् तसाच पळत गेला."

तो पायऱ्यांकडे वळला आणि वर चढणाऱ्या माणसांना त्यानं शेडमधल्या आवाजात हाक मारली, "थांबा रं. माघारी या समदी." माणसं एकेक करून खाली उतरली आणि आमच्याभोवती उभी राहिली. त्यानं माझ्या दंडाला धरून मला त्यांच्यासमोर वळवलं.

"सांगा परत," तो म्हणाला.